बाळापूरचा किल्ला, १७२१ आणि माझी चुकलेली ओळ

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं. बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये पूर्ण केला. पर्यटनाच्या पानांवर, ट्रेकिंगच्या ब्लॉगवर, सगळीकडे हेच वाक्य फिरतं. मीही उचललं. गाईड सरांनी पेन्सिलने खाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "आझमशहा वारला कधी?"

जून १७०७. औरंगजेब त्याच वर्षी मार्चमध्ये अहमदनगरजवळ वारला आणि तीन-साडेतीन महिन्यांत, आग्र्याजवळ जाजऊला, थोरल्या भावाशी गादीसाठी लढताना आझमशहा मारला गेला. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हातून मी किल्ल्याचा पाया घालून घेतला होता!

मी मूळची रसायनशास्त्राची. वऱ्हाडातल्या किल्ल्यांच्या विटा आणि चुना हा माझा विषय. त्यामुळे तारखा म्हणजे 'इतिहासवाल्यांचं काम', ते देतील तो आकडा घ्यायचा आणि पुढे आपलं विश्लेषण करायचं, असा माझा गोड समज होता. पण नमुन्याचं वयच चुकीचं धरलं तर पुढचं सगळं विश्लेषण कशाच्या आधारावर उभं राहणार?

अकोल्याहून बाळापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमापाशी उंचवट्यावर किल्ला उभा आहे. खाली बाळादेवीचं देऊळ, तिच्यावरून गावाचं नाव. एकात एक असे तीन दरवाजे ओलांडून आत जावं लागतं. भिंतींमधली वीट इतकी नीट भाजलेली आहे की बघत राहावं. बाहेर बसलेल्या आजोबांना विचारलं, किल्ला कोणी बांधला? ते म्हणाले, "कोनं बांधला ते मले नाई माईत बाई, पन पावसाळ्यात चारही बाजूनं पानी राह्यते." मला हे उत्तर वेबसाइटपेक्षा बरं वाटलं. जागा का निवडली ते त्यात आहे, आणि ते अजूनही डोळ्यांनी तपासता येतं.

आता ते १७२१. वाक्यातले दोन तुकडे एकत्र खरे असू शकत नाहीत हे नक्की. मग एक शक्यता अशी की नाव बरोबर आणि साल चूक. आझमशहाचा इथे काही जुना कोट असेल, तर तो १७०७ च्या आधीचाच हवा. दुसरी शक्यता, साल बरोबर आणि नाव चूक. मला दुसरी जास्त पटते, कारण १७२० च्या पावसाळ्यात याच बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान याचा पराभव केला आणि दख्खन हातात घेतलं. इतकी मोठी लढाई जिथे झाली ती जागा लगेच पुढच्या वर्षी पक्की करावीशी वाटणं साहजिक आहे. अर्थात हा माझा तर्क, पुरावा नाही. तिसरंही असू शकतं : दोन वेगळ्या बांधकामांच्या दोन नोंदी कोणीतरी एका वाक्यात शिवून टाकल्या.

सायन्सवाल्यांना इथे लगेच सुचतं (मलाही सुचलं) की विटेची थर्मोल्युमिनिसन्स चाचणी करा, वीट शेवटची कधी भाजली ते कळेल. कळेल, पण या पद्धतीत साधारण पाच ते दहा टक्के चूक धरावी लागते. तीनशे वर्षांच्या विटेला ती पंधरा ते तीस वर्षं होते. १७०५ की १७२१, हा आपला प्रश्न त्या फटीतच हरवतो. १७२१ की १७५७ एवढं कदाचित वेगळं करता येईल. शिवाय वास्तू संरक्षित आहे, लेखी परवानगीशिवाय खपलीसुद्धा काढायची नाही.

या फजितीनंतर सिनॉप्सिसमधली प्रत्येक तारीख परत तपासली. त्यात नारनाळा आला. अकोटच्या उत्तरेला, सातपुड्यात, शहानूर गावातून वर जायचं. आता सगळा भाग अभयारण्यात आहे. तिथला महाकाली दरवाजा मी 'इमादशाहीचा' लिहिला होता. आजूबाजूला काळा बेसाल्ट आणि मधेच फिकट वाळूखडकाचा हा दरवाजा : दगडी जाळ्या, कमळं, वर कोरलेला लेख. पहिल्यांदा बघताना पाय निघत नाही. पण लेख १४८७ चा आहे आणि त्यात सुलतान म्हणून नाव बहमनी महमूदशहाचं आहे. बांधणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार होता. स्वतंत्र झाला १४९० मध्ये. फरक तीनच वर्षांचा, पण 'स्वतंत्र राजाने आपलं वैभव दाखवलं' असं जे मी पुढे रंगवलं होतं ते सगळं गेलं. उरला एक चाकर, जो मालकाच्या नावाने राजाला शोभेल असा दरवाजा बांधतो. खरं तर हा प्रश्न जास्त चांगला निघाला.

गाविलगडाबद्दल थोडक्यात. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो घेतला, हे पाठ होतं. पण उत्तरेकडूनच का फोडला, ते चिखलदऱ्याच्या बाजूला उभं राहिल्यावर समजतं : बाकी बाजूंना कडे, आणि इकडेच तेवढी डोंगराला जोडलेली जमीन. म्हणून तर स्टीव्हन्सनच्या सैन्याने जड तोफा डोंगरातून ओढत या बाजूला आणल्या. हे कागदावर वाचलं होतं, कळलं नव्हतं.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे : "बाळापूरच्या किल्ल्याच्या बांधकामाचा आरंभ आझमशहाने १७२१ मध्ये केला ही प्रचलित नोंद ग्राह्य नाही, कारण त्याचा मृत्यू १७०७ मध्ये झाला." सरांनी त्याखालीही रेघ मारली आणि समासात लिहिलं, "मग १७५७ तरी कशावरून?" पुढच्या आठवड्यात परत बाळापूर.