लाल विंचवाच्या विषावर बीपीची गोळी: डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी काय शोधलं?

पालमसारख्या शेतीच्या तालुक्यात दगड उचलताना, कडब्याच्या गंजीत किंवा सरपणात हात घालताना विंचू चावणं नवीन नाही. बहुतेकदा भयंकर वेदना होतात आणि उतरतात. मात्र लाल विंचवाचं विष थेट हृदयावर हल्ला करतं.

कोण आहेत डॉ. बावस्कर?

मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यातलं देहेड (ता. भोकरदन) हे त्यांचं गाव. नागपुरातून एमबीबीएस केल्यावर १९७६ मध्ये ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेले रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या तपशीलवार नोंदी ठेवायला सुरुवात केली. पुढे पुण्यात एमडी केलं, पण शहरात न थांबता ते पुन्हा महाड परिसरात परतले.

विष नेमकं काय करतं?

विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनालिनसारखी रसायनं प्रचंड प्रमाणात सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. शेवटी फुप्फुसात पाणी साचून रुग्णाचा श्वास कोंडतो.

मग उपाय कोणता?

प्राझोसिन ही बीपीची स्वस्त गोळी. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. बावस्करांनी विंचूदंशावर तिचा वापर केला आणि त्याबद्दलचं लेखन १९८६ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने घटलं. २०११ मध्ये 'बीएमजे'त ७० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या प्राझोसिनपेक्षा सोबत विंचूविषावरची लस दिली तर रुग्ण लवकर सावरतात, असं त्यात दिसलं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचीही साथ राहिली. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली.

विंचू चावला तर काय कराल?

दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप लागणं ही धोक्याची लक्षणं आहेत. लहान मुलांना धोका जास्त. मंत्र, झाडपाला किंवा चिरा देण्यात वेळ घालवू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. ही गोळी घरी स्वतःहून देऊ नका. बीपी एकदम खाली येऊ शकतं, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागते.