काळीत बांधलेले घर

अर्विंगला आमच्या घराच्या दिवाणखान्यात, दाराच्या कोपऱ्यापासून छताकडे तिरकी जाणारी एक भेग आहे. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती कुठे ना कुठे असतेच. पाया तपासायला आलेल्या माणसाने सांगितले, "उन्हाळ्यात घराभोवती पाणी देत जा." तेव्हापासून दर ऑगस्टात मी घराच्या चारी बाजूंनी भोकाभोकांची रबरी नळी पसरून जमीन ओली ठेवतो.

खामगावजवळच्या आमच्या गावाहून बाबा इथे आले, तेव्हा त्यांना हा प्रकार समजेना. ना फुलझाड, ना भाजी, मग पाणी कशाला? त्यांनी कडेची माती उकरली, थोडी ओली करून मुठीत दाबली आणि हसून म्हणाले, "अरे बाप्पा, काळीत घर बांधलं तुम्ही!"

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत. वस्तीची ती पांढरी आणि शेताची ती काळी. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हाही गावाचा संसार या दोन शब्दांभोवतीच फिरत होता. काळी पिकवायची आणि पांढरीत राहायचे. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंती फोडते, हे ओळखायला कुणाला स्थापत्यशास्त्र शिकावे लागले नव्हते. मी अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली आणि तीस वर्षांच्या हप्त्याने काळीत घर घेतले!

बाबांच्या शेऱ्यानंतर मी वाचायला बसलो. मृदाशास्त्रज्ञ आपली रेगूर माती आणि टेक्ससची 'ह्यूस्टन ब्लॅक' माती एकाच गणात घालतात. त्या गणाचे नाव व्हर्टिसॉल. गंमत म्हणजे दोघींचे कूळ वेगळे. आपली काळी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, म्हणजे बेसॉल्टची लेक. इथली काळी डायनोसॉरच्या काळात उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडकातून आणि चिकणमातीच्या शेलमधून आली. पण दोघींत स्मेक्टाइट जातीचे चिकणखनिज भरपूर. पाणी शिरले की त्याचे थर फाकतात आणि वाळले की मिटतात. उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यांत ढासळते आणि पाऊस आला की सगळे पुन्हा फुगून वरखाली होते. जमीन स्वतःला नांगरून घेते म्हणतात ते यामुळे.

काळा रंग म्हणजे कस, असा एक गैरसमज आहे. आपल्या काळीत सेंद्रिय अंश आणि नत्र दोन्ही कमीच. तिची खरी श्रीमंती पाणी धरून ठेवण्यात. म्हणून सोलापूरकडे पाऊस संपल्यावर पेरलेली रब्बी ज्वारी नुसत्या ओलीवर येते. वऱ्हाडात त्याच ओलीवर हरभरा, करडई, गहू निघत. कोकणच्या जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, तिथे आंबा, काजू आणि वरकस जमिनीत नाचणी. भंडाऱ्याकडे तळ्यांच्या पाण्यावर धान. काळी मात्र हट्टी. ओली असताना पाऊल रुतते, वाळली की दगड. मधल्या चार दिवसांत वाफसा साधला तरच पेरणी. पूर्णेच्या खोऱ्यात तर खाली खारे पाणी, म्हणून नुसत्या विहिरीच्या जोरावर शेती नाही. अशा जमिनीत पूर्वी कापसाबरोबर ज्वारी आणि तूर असे. एक गेले तर दुसरे हाती लागे.

मग कापूस एकटाच राजा कसा झाला? याचे उत्तर मातीत निम्मेच सापडते. उरलेले निम्मे मँचेस्टर आणि अमेरिकेत आहे. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या दक्षिणेतून दहा कापूस-बागायतदार हिंदुस्थानात आणले. त्यांचे बहुतेक प्रयोग फसले, पण धारवाडकडे न्यू ऑर्लिन्सचे बियाणे रुजले. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतले, त्यातही कापसावर डोळा होताच. १८६१ साली इथे यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतली बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या. भाव अनेक पटींनी चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा सुरू झाला. पण १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले होते. मुंबईत शेअरवाले बुडाले, त्याची गोष्ट आपण शाळेत वाचतो. गावात कर्ज काढून कापूस लावणारा बुडाला, त्याची गोष्ट सावकाराच्या वहीत राहिली.

आता इकडचे पाहा. युद्धानंतर रेल्वे आली तसे टेक्ससचे काळे माळरान नांगरले गेले. मूळच्या उंच गवतापैकी आज एक टक्काही शिल्लक नाही. डॅलसच्या दक्षिणेची एलिस काउंटी विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या उत्पन्नात देशात आघाडीवर होती. इथेही कसणारा बहुधा कूळ, इथेही दुकानदाराची उधारी आणि इथेही अन्नाऐवजी दारापर्यंत कापूस. बोंडातला भुंगा १८९२ च्या सुमारास मेक्सिकोतून आला. पुढे मंदी आली आणि कापूस पश्चिमेला, लबकच्या पठाराकडे सरकला. डॅलसभोवतीच्या काळीवर मग घरे उगवली. अर्विंग १९५० मध्ये तीन हजारांच्या आतले गाव होते, १९६० मध्ये वस्ती पंचेचाळीस हजारांवर गेली.

बियाणे इकडून तिकडे गेले, तशी कीड तिकडून इकडे आली. गुलाबी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ चे, भडोचच्या कापसावरून केलेले. इजिप्त, मेक्सिको असा प्रवास करून १९१७ मध्ये ती टेक्ससमध्ये हर्न गावी सापडली. शंभर वर्षे अमेरिकेने तिच्याशी झुंज दिली. बीटी कापूस, विमानातून सोडलेले वांझ पतंग आणि ठरल्या तारखेला पऱ्हाट्या गाडायची शिस्त यांच्या बळावर २०१८ मध्ये देश तिच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. आपल्याकडे बीटीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, पण २०१७ च्या हंगामात विदर्भात हीच अळी बीटीची बोंडे पोखरत होती. त्याच वर्षी यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली.

त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचे शेतही गेले. मी फोनवर शहाणपणा केला होता, "फरदड ठेवू नका. डिसेंबरात पऱ्हाट्या उपटा, अळीची साखळी तुटते." तो म्हणाला, "दादा, मी उपटीन. शेजारी नाही उपटल्या तर? आणि शेवटच्या वेच्याचे पैसे कोण देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हते. इथल्या शेतकऱ्यापाठी कायदा होता, वर्गणी होती, सरकारी विमाने होती. माझ्या भावापाठी काय होते? बियाण्याची उधारी.

आमच्या घरी सध्या विषय आहे तो जमीन विकण्याचा. मी विका म्हणणाऱ्यांत होतो. आता तसे म्हणवत नाही. माती नापीक झालेली नाही. तिला एकाच पिकाला बांधले ते दूरच्या बाजाराने, आणि त्या बाजाराच्या या टोकाला मी राहतो. यंदा भावाने निम्म्या रानात तूर आणि ज्वारी घेतली. त्यात तूट आली तर ती माझी, एवढे मी कबूल केले आहे. तीन वर्षे करून पाहू.

जाण्याआधी बाबा रोज संध्याकाळी स्वतःच नळ सोडत. भिंतीला धरून भेगा हळूहळू मिटताना बघत उभे राहत. एकदा म्हणाले, "भिंतीसाठी एवढं पाणी. आपल्या काळीला ऑगस्टात एक पाळी मिळाली असती, तर सोनं झालं असतं." मी नळ बंद केला नाही. घर त्यावरच उभे आहे.