विड्याचे पान आणि कल्हईचे भांडे

कुंभकोणच्या सारंगपाणी देवळाच्या पश्चिमेला पोट्रामरै तळे आहे. आमचे जुने घर तिथून जवळच. 1675च्या सुमारास व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले, तेव्हापासून कावेरीकाठी मराठी घराणी वसत गेली. आमचे त्यांतलेच. बाहेर तमिळ, चुलीपाशी मराठी.

आज्जी पितळी पातेल्यात लोणी कढवायची. तडतड मंदावली, तळाशी बेरी तांबूस दिसू लागली, की ती कोवळे विड्याचे पान आत सोडायची. शेजारच्या तमिळ घरी त्याऐवजी शेवग्याचा पाला पडे. तळलेले पान खायला आम्ही पोरे टपलेलो असायचो.

एका दिवाळीला कल्हईवाला आलाच नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यातले तूप पान घालूनही खवट झाले. आज्जीने पानाला दोष दिला नाही. भांडे आधी, मग पान, एवढेच म्हणाली.

रसायनशास्त्र शिकल्यावर मला तिचे म्हणणे नीट कळले. तूप खवट होते हवेतल्या ऑक्सिजनने. पितळेतले तांबे कणभर जरी तुपात उतरले, तरी ती क्रिया झपाट्याने वाढते आणि पानातली हायड्रॉक्सीकॅविकॉलसारखी द्रव्ये, तुपातले ई-जीवनसत्त्व, सगळे राखणदार लवकर खर्ची पडतात. नवसागर लावून चढवलेला कथलाचा पातळ थर तांब्याला तुपापासून दूर ठेवतो.

पाण्याचाही हात आहे. दुधासारख्या पाणीदार पदार्थात स्निग्धाच्या थेंबांचे रक्षण बहुधा तेलात रमणारी द्रव्ये चांगले करतात, निव्वळ तेलातुपात मात्र पाण्याकडे थोडी ओढ असलेली. विल्यम पोर्टर यांनी याला ध्रुवीय विरोधाभास म्हटले. आधी वाटे की अशी द्रव्ये हवेच्या बाजूला पृष्ठभागी गोळा होतात. पुढे लक्ष तुपातेलात उरलेल्या पाण्याच्या अतिसूक्ष्म कणांकडे गेले, कारण ऑक्सिडेशनची सुरुवात बरीचशी त्यांच्या कडेला होते. आज्जी तडतड ऐकून पान टाकायची, म्हणजे पाणी जवळजवळ संपल्यावर. हे वेळेचे भान मला त्या रीतीतले सर्वांत मोलाचे वाटते.

2025 साली कुंभकोणच्या वेट्रिलैला, म्हणजे विड्याच्या पानाला, भौगोलिक मानांकन मिळाले. ते पातेले आता माझ्याकडे आहे. कल्हईवाला सापडेपर्यंत मी लोणी स्टीलच्या भांड्यात कढवते, आणि बाजारात पान घेताना कोळुंदु, कोवळेच, मागते.