तरणतलाव आणि क्लोरीन : वासाकडून मापनाकडे

तरणतलावाच्या पाण्यास येणारा उग्र वास हे त्या पाण्याच्या स्वच्छतेचे लक्षण होय, अशी समजूत पुष्कळ लोकांत रूढ आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. स्वच्छ पाण्यात योग्य प्रमाणात मिसळलेल्या क्लोरीनचा वास फारसा जाणवत नाही. नाकास व डोळ्यांस झोंबणारा वास बहुतांशी क्लोरामाइन या संयुगांचा असतो; आणि ही संयुगे स्नान करणाऱ्यांच्या घाम, मूत्र इत्यादींतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार होतात. म्हणजे तो वास क्लोरीन कार्यक्षम असल्याचा नव्हे, तर मळाशी झुंजताना तो खर्ची पडत असल्याचा निदर्शक होय. हा भ्रम केवळ अज्ञानमूलक नाही. क्लोरीनच्या आरोग्यविषयक उपयोगाचा आरंभच मुळी वासाच्या विचारातून झाला, आणि त्या विचाराची जागा मापनाने घेण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

स्वीडिश रसायनज्ञ शेले याने १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला. तो मूलद्रव्य असल्याचे हम्फ्री डेव्ही याने १८१० मध्ये प्रतिपादिले. मध्यंतरी फ्रान्समध्ये बर्तोले याने त्याचा रंग घालविण्याचा गुण ओळखला होता, आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या टेनंट याने कोरड्या विरंजक चूर्णाचे, म्हणजेच ब्लीचिंग पावडरचे, एकस्व मिळविले. हे सर्व कापडाच्या धंद्यासाठी होते. आरोग्याच्या क्षेत्रात त्याचा प्रवेश १८२० नंतरच्या दशकात पॅरिसच्या लाबाराक याने करविला. जनावरांची आतडी साफ करण्याचे कारखाने आणि शवागारे येथील दुर्गंधी नाहीशी करणे हा त्याचा हेतू होता. दूषित हवेनेच रोग पसरतात असे त्या काळी मानीत. तेव्हा दुर्गंध गेला की रोगही गेला, हे अनुमान त्या मतास धरूनच होते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात झेमेलवाइस याने वैद्यांस क्लोरीनयुक्त द्रवाने हात धुण्यास लावले, तेही शवविच्छेदनानंतर हातांस राहणारा वास या द्रवाने जातो म्हणून. त्या विभागातील मातांच्या मृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांतच शेकडा दोनच्या आसपास उतरले. कारणमीमांसा अपुरी असता उपाय मात्र बिनचूक ठरावा, असा हा प्रसंग आहे.

जंतुशास्त्राचा पाया घातला गेल्यावर या उपायास नवा अर्थ प्राप्त झाला. इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ मध्ये विषमज्वराची साथ आली असता जलवाहिन्या विरंजक चूर्णाने शुद्ध करण्यात आल्या. लिंकन येथे १९०५ मध्ये अशाच साथीत ह्यूस्टन याने नगराच्या पाण्यात हायपोक्लोराइट सोडले. परंतु हे संकटकालीन उपाय होते. रोजच्या पिण्याच्या पाण्यात रसायन कायमचे मिसळावे, ही कल्पना सामान्य जनांसच नव्हे तर अनेक तज्ज्ञांसही असह्य वाटत होती.

या प्रश्नाचा निकाल अमेरिकेतील जर्सी सिटी या नगराच्या दाव्यात लागला. बूनटन येथील जलाशयातून नगरास पाणी पुरविणाऱ्या कंपनीवर, पाणी करारात ठरल्याप्रमाणे शुद्ध व आरोग्यकारक नाही, असा आरोप नगराने केला होता. वर्षातून काही वेळा, विशेषतः मोठ्या पावसानंतर, वरच्या वस्त्यांचे सांडपाणी जलाशयात उतरत असे. १९०८ च्या निर्णयात न्यायालयाने सांडपाण्याची व्यवस्था करण्याचा किंवा तितकाच परिणामकारक दुसरा उपाय योजण्याचा मार्ग कंपनीस मोकळा ठेवला. कंपनीचे आरोग्यविषयक सल्लागार डॉ. जॉन लील यांनी याच सवलतीचा आश्रय घेतला. अभियंता जॉर्ज फुलर यांच्याकडून त्यांनी विरंजक चूर्णाचा द्राव मिसळण्याची यंत्रणा उभारविली, आणि २६ सप्टेंबर १९०८ रोजी, न्यायालयाची वा नगराची पूर्वसंमती न घेता, ती सुरू केली. रोज सुमारे ४ कोटी गॅलन पाण्यावर ही प्रक्रिया होऊ लागली.

पुन्हा सुनावणी झाली. नगराच्या बाजूने सेजविकसारखे मान्यवर आरोग्यशास्त्रज्ञ उभे होते. पाण्यात मिसळलेले द्रव्य विष आहे की नाही, या प्रश्नाभोवती उलटतपासणी फिरत राहिली. लील यांचे उत्तर मात्रेच्या तत्त्वावर उभे होते : दशलक्ष भाग पाण्यात एका भागाहूनही कमी क्लोरीन जंतूंस घातक ठरतो, मनुष्यास नव्हे. १९१० मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने हा उपाय परिणामकारक असल्याचा अहवाल दिला, आणि त्यानंतर तो इतर नगरांनी झपाट्याने स्वीकारला. लील यांच्या कृतीचे समर्थन परिणामावरून करता येते. परंतु लोकांच्या पिण्याच्या पाण्यात त्यांस न विचारता रसायन मिसळण्याचा अधिकार कोणास असावा, हा प्रश्न त्या निकालाने मिटला असे म्हणता येत नाही.

तथापि मात्रा ठरविण्याचे शास्त्र अद्याप कच्चे होते. प्रत्येक पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये क्लोरीनचा काही अंश खाऊन टाकतात. उरलेला अंशच रक्षण करतो. ही मागणी मोजून मात्रा ठरविण्याची पद्धती मेरीलँडमध्ये वुलमन व एन्स्लो यांनी १९१९ मध्ये मांडली. तरणतलावाच्या दृष्टीने हा विचार विशेष महत्त्वाचा होता. जलाशयातील पाणी एकदा शुद्ध करून पुढे जाते. तलावात मात्र प्रत्येक स्नान करणारा नवे जंतू व नवा मळ आणतो. पूर्वी ठराविक दिवसांनी तलाव रिकामा करून पुन्हा भरीत असत. १९१० च्या सुमारास प्रॉव्हिडन्समधील ब्राउन विद्यापीठाच्या तलावात बंकर या संशोधकाने विरंजक चूर्णाचा प्रयोग केला, आणि पाणी न बदलता ते निर्जंतुक राखता येते हे दाखविले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उपनगरांत खाजगी तलावांची संख्या वाढली, आणि जे काम प्रशिक्षित नोकरांकडे होते ते गृहस्थाकडे आले. येथे तीन अडचणी उद्भवल्या. पहिली पाण्याच्या आम्लतेची. जंतुनाश मुख्यतः हायपोक्लोरस आम्लाने होतो. पाण्याचा सामू ७.५ असता उपलब्ध क्लोरीनचा सुमारे निम्मा अंश या रूपात असतो, आणि सामू ८.५ झाला की तो एक दशांशापर्यंत घटतो. दुसरी अडचण सूर्यप्रकाशाची. उघड्या तलावातील क्लोरीन उन्हाने काही तासांतच नष्ट होतो. १९५० नंतरच्या दशकात सायन्युरिक आम्लाचा उपाय पुढे आला. परंतु ते अति साचल्यास क्लोरीनची क्रिया मंदावते. तिसरी अडचण साठवणीची. हायपोक्लोराइटात आम्ल पडले तर विषारी वायू सुटतो. १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर जो सोडला गेला तो हाच. निरनिराळ्या प्रकारची क्लोरीनयुक्त द्रव्ये एकत्र केल्यास आग लागण्याचाही संभव असतो.

उष्ण पाण्याच्या टबांनी, म्हणजे हॉट टबांनी, या अडचणी तीव्र केल्या. हे टब १९६० नंतर कॅलिफोर्नियात लोकप्रिय झाले. तेथे पाणी थोडे, माणसे त्या मानाने अधिक आणि उष्णता ४० अंश सेल्सिअसपर्यंत. शिवाय बुडबुड्यांमुळे पाण्याचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. अशा पाण्यात क्लोरीन लवकर संपतो व काही जंतू जोमाने वाढतात. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील साथीनंतर ओळखला गेलेला लेजिओनेला हा त्यांपैकी एक. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोव्हेनकार्सपेल येथे एका पुष्पप्रदर्शनात केवळ दाखविण्यासाठी चालू ठेवलेल्या अशा टबाच्या तुषारांमुळे तीसहून अधिक माणसे दगावली. ती टबात उतरली नव्हती. जवळून गेली होती. खाजगी सुखसाधनाची व्यवस्था हा केवळ खाजगी प्रश्न नव्हे, हे या घटनेने दुःखद रीतीने सिद्ध केले.

क्लोरीनच्या मर्यादाही याच काळात स्पष्ट झाल्या. १९७४ मध्ये नेदरलँड्समधील रूक यांनी क्लोरीन व सेंद्रिय द्रव्ये यांपासून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनतात हे दाखविले. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर नेहमीच्या मात्रेस दाद देत नाही. म्हणून गाळणी व स्नानापूर्वी अंग धुण्याची सवय यांस क्लोरीन हा पर्याय ठरू शकत नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार दशलक्ष भागांत तलावासाठी किमान १ व हॉट टबासाठी किमान ३ भाग मुक्त क्लोरीन आणि सामू ७.० ते ७.८ असावा, सायन्युरिक आम्ल वापरणाऱ्या तलावात क्लोरीनचे किमान प्रमाण २ भाग धरावे. ही प्रमाणे नाकाने कळत नाहीत, डोळ्यांनी दिसत नाहीत. ती मोजावीच लागतात.

महाराष्ट्रातील खेड्यांत विहिरीत टी. सी. एल. पावडर टाकल्यावर पाण्याचा नमुना घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब घालतात आणि पिवळा रंग उमटतो की नाही हे पाहतात. या साध्या कृतीत वर वर्णिलेल्या इतिहासाचे सार आहे. किती क्लोरीन टाकला यापेक्षा किती उरला हे महत्त्वाचे, आणि ते विचारल्याखेरीज पाणी आपण होऊन सांगत नाही.