साल्व्हिया, शोभेची : लागवडीतील अडचणी

तुळस-पुदिन्याच्या कुलातील (लॅमिएसी) फुलझाड. बागेतली लाल साल्व्हिया (साल्व्हिया स्प्लेंडेन्स) मूळची ब्राझीलची, तर निळी (साल्व्हिया फॅरिनेशिया) मेक्सिको-टेक्सास भागातली. मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या काळ्या जमिनीच्या, कडक उन्हाळ्याच्या गावात ती हिवाळी हंगामी म्हणून लावणे सोयीचे; बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये टाकावे.

या भागातील बहुतेक तक्रारींचे मूळ जमिनीत असते, आणि फवारणीचा पंप उचलण्याआधी तेच तपासले पाहिजे. काळी माती पाणी धरून ठेवते. साल्व्हियाची मुळे ते सोसत नाहीत. माती ओली असूनही झाड माना टाकते, तेव्हा ती मुळकूज समजावी. अशा वेळी तहानलेले समजून आणखी पाणी घातले की झाड हमखास जाते. उपाय लागणीपूर्वीचाच: गादीवाफा, कुजलेले शेणखत, थोडी वाळू, कुंडीच्या तळाला मोकळे छिद्र. बी खोल पुरू नये, त्याला उगवायला उजेड लागतो. दाट पेरणी व सततची ओल यांमुळे कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यामुळे शेणखत वाढवावे व चिलेटेड लोह द्यावे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली, तर नत्र कमी आहे. मात्र युरियाचा हात सैल सोडला की नुसता पाला माजतो. सावलीतले झाड उंच, किरकोळ होते; रोप वितीएवढे होण्याआधी शेंडा खुडल्यास फुटवे येतात.

लाल साल्व्हियाची नळीसारखी फुले लवकर गळतात, निदलपुंज मात्र लालच राहतो. ही गळ रोग नव्हे. त्यावर औषध मारू नये. तुरा पूर्ण फिका पडल्यावर कापावा.

पांढरी माशी, मावा, लाल कोळी या किडी पानांच्या खालच्या बाजूस बसतात. निंबोळी अर्क तिथेच पोचला पाहिजे. लाल कोळी कोरड्या उष्ण हवेत वाढतो. दाटीच्या वाफ्यात भुरी येते. झाडांत हवा खेळती ठेवावी, पाणी संध्याकाळी पानांवर ओतू नये. एप्रिलच्या उन्हात लाल जात संपते. निळी अधिक काटक असून छाटणी व दुपारच्या सावलीने पुढे तगवता येते.