अश्वशक्ती-शुद्धी : टर्बोचार्जरयुक्त एंजिनांची
एंजिनाच्या चाचणीत प्रत्यक्ष मिळालेल्या शक्तीवरून प्रमाणित हवामानात ते किती शक्ती देईल, हे गुणकाच्या साहाय्याने काढण्याच्या रीतीस अश्वशक्ती-शुद्धी म्हणतात. दख्खनच्या पठारावर तिला विशेष महत्त्व आहे. सांगलीलगतचे माधवनगर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब सु. ९५ किलोपास्काल, म्हणजे मुंबईपेक्षा सु. ६ टक्के कमी असतो. साध्या एंजिनास प्रत्येक चोषण-धावेत त्याच प्रमाणात कमी हवा मिळते आणि त्याची शक्ती घटते.

शक्ती थेट मोजता येत नाही. प्रोनी यांचा घर्षण-रोधक (१८२१) आणि विल्यम फ्रूड यांचा जलीय शक्तिमापक (१८७७) यांपासून आजच्या विद्युत् शक्तिमापकापर्यंत सर्व साधने दांड्याचे परिपीडन, म्हणजे त्यास पीळ देणारी प्रेरणा, आणि फेरे एवढेच मोजतात; शक्ती ही त्यांच्या गुणाकारातून येते. तीवर हवामानाचा गुणक चढविला की, मोजलेल्या आकड्यात मानलेला आकडा मिसळतो. शिवाय मानकेही बदलत आली आहेत. अमेरिकी मोटार-उत्पादकांनी १९७२ च्या सुमारास पंखा, निष्कास नळी इ. उपांगांसह मिळणारी निव्वळ शक्ती जाहीर करण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याच एंजिनांचे आकडे एकाएकी उतरले. एंजिने मात्र तीच होती.

महाराष्ट्रात हा विषय शेतीच्या मार्गाने आला. माधवनगर ज्या लोहमार्गावर आहे, त्याच मार्गावर उत्तरेस किर्लोस्करवाडी असून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे १९१० साली कारखाना उभारला. याच उद्योगसमूहातून १९४६ साली खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स व १९६२ साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स (आताची कमिन्स इंडिया) या कंपन्या निघाल्या. विहिरीवर एंजिन बसविणाऱ्या शेतकऱ्याला पट्टीवरील अश्वशक्ती समुद्रकाठची की गावची, हा प्रश्न पाण्याच्या धारेतच दिसे. पुण्यात १९६६ साली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाल्यावर मोटारींच्या चाचणीस स्वतंत्र स्थान मिळाले.

टर्बोचार्जरचा इतिहास मुळातच उंचीशी निगडित आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी निष्कास वायूवर चालणाऱ्या संपीडकाचे एकस्व १९०५ साली घेतले. सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ साली अमेरिकेतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंच शिखरावर लिबर्टी हे विमान-एंजिन नेऊन चाचण्या केल्या. समुद्रसपाटीवर सु. ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन तेथे सु. २३० वर आले आणि टर्बोचार्जर जोडताच पुन्हा ३५० च्या वर गेले. उंचीमुळे होणारी तूट हे यंत्रच भरून काढते. नंतर गुणकाने तीच तूट पुन्हा भरली, तर एकच रक्कम दोनदा वसूल केल्यासारखे होते.

आयएसओ १५८५ या मानकात २५° से. तापमान व कोरड्या हवेचा ९९ किलोपास्काल दाब प्रमाण मानला आहे. पेट्रोल एंजिनासाठी दाबांच्या गुणोत्तराचा १·२ वा घात व निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराचा ०·६ वा घात यांचा गुणाकार करतात. माधवनगरला उन्हाळ्याच्या दुपारी ३५° से. तापमान व कोरड्या हवेचा दाब ९३ किलोपास्काल धरल्यास गुणक १·१० येतो. हिवाळ्याच्या सकाळी २०° से. व ९३·७ किलोपास्काल धरल्यास तो सु. १·०६ असतो. मानकाने स्वतःच ०·९३ ते १·०७ ही मर्यादा घातली असल्याने उन्हाळ्यातील तो आकडा ग्राह्य ठरत नाही. मर्यादेचा हा भाग जाहिरातींत सहसा आढळत नाही.

टर्बोचार्जरवरील नियंत्रण कोणत्या प्रकारचे आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. साधी कमान असलेली निकास-झडप बाहेरच्या हवेपेक्षा ठराविक दाब राखते. हा जादा दाब ५० किलोपास्काल असेल, तर मुंबईत एकूण १५१ व माधवनगरला १४५ किलोपास्काल मिळतात; तूट ६ टक्के नसून ४ टक्केच होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने निरपेक्ष दाबच स्थिर राखला, तर टर्बोचार्जरची क्षमता संपेपर्यंत दाबाची तूट जवळजवळ उरत नाही. मात्र तो अधिक वेगाने फिरतो, हवा अधिक तापते आणि अवेळी स्फोट टाळण्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागते. येथे खरा शत्रू उंचीपेक्षा उष्णता हाच आहे. डीझेल एंजिनाच्या सूत्रात हे मान्य केलेले दिसते. साध्या डीझेल एंजिनासाठी दाबाचा घात १ व तापमानाचा ०·७ असतो, तर टर्बोचार्जरयुक्त एंजिनासाठी ते अनुक्रमे ०·७ व १·५ आहेत.

पिंपरीच्या कारखान्याची टाटा सफारी १९९८ साली टर्बोडीझेल एंजिनासह बाजारात आली. पुढे अशा गाड्या वाढल्या, तसा त्यांचे अधिभरण, इंधन व ठिणगीची वेळ बदलून शक्ती वाढविण्याचा व्यवसायही वाढला. येथे गाडी रुळांच्या शक्तिमापकावर चढवितात आणि चाकांवरील शक्ती मोजतात. गिअरपेटीतील व धुऱ्यातील व्यय सरसकट १५ टक्के धरून एंजिनाची शक्ती सांगण्याची प्रथा आहे. तीस प्रत्यक्ष मापनाचा आधार क्वचितच असतो. आधीची चाचणी डिसेंबरात शुद्धीविना आणि नंतरची एप्रिलात १·१० च्या गुणकाने केल्यास, गाडीस हात न लावताही आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून दोन्ही चाचण्या त्याच शक्तिमापकावर, त्याच गिअरमध्ये व तितक्याच तापलेल्या एंजिनावर घेतात. नोंदीत अशुद्ध आकडा, कोरड्या हवेचा दाब, चोषण-हवेचे तापमान, अधिभरण-दाब आणि वापरलेल्या मानकाचे नाव ही पाचही असावी लागतात.