हंटरचं वाक्य आणि गुडघ्यातला खड्डा

१७४३ साली विल्यम हंटर या जेमतेम पंचविशीतल्या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांवरचा निबंध मांडला. त्याचं सांगणं थोडक्यात असं: कूर्चा एकदा नासली की परत येत नाही. पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं डॉक्टर तेच मानत आले.

कारण साधं आहे. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत पांढरा थर. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. बोट कापलं तर रक्त येतं, खपली धरते. कूर्चेत दुरुस्तीचं सामान पोचायला रस्ताच नाही.

हा रस्ता बाहेरून काढायचा विचार लार्स पीटरसननं केला. न्यूयॉर्कमध्ये सशांवर प्रयोग झाले, आणि १९८७ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला माणसाचा गुडघा टेबलावर आला. दुर्बिणीतून, जिथे भार कमी पडतो तिथली थोडी कूर्चा काढायची. एन्झाइमनं ती विरघळवून पेशी मोकळ्या करायच्या. रुग्णाच्याच रक्तातलं सीरम घालून त्या दोन-तीन आठवडे प्रयोगशाळेत वाढवायच्या. मग गुडघा उघडून खड्डा साफ करायचा, नडगीच्या हाडावरचा पापुद्रा त्यावर झाकणासारखा शिवायचा आणि खाली पेशी सोडायच्या. शिवणकाम आणि शेती, दोन्ही एकाच गुडघ्यात!

१९९४ मध्ये ब्रिटबर्ग, लिंडाल, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी पहिल्या २३ रुग्णांचा हिशेब छापला. मांडीच्या हाडाच्या टोकाला खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जण दोन वर्षांनी चांगले होते. गुडघ्याच्या वाटीत मात्र ७ पैकी फक्त २. हा दुसरा आकडाही त्यांनी झाकला नाही, म्हणून मला हा निबंध आवडतो. तुलनेला दुसरा गट मात्र नव्हता. तरीही १९९७ मध्ये अमेरिकेत या पेशींना बाजाराची परवानगी मिळाली.

तुलना झाली नॉर्वेत, ८० रुग्णांवर. निम्म्यांना पेशी, उरलेल्यांच्या हाडाला फक्त बारीक भोकं पाडली, म्हणजे मज्जेतलं रक्त वर येऊन खड्डा भरेल. २००४ मध्ये निकाल आला: दोन वर्षांनंतर महागड्या पेशी काही सरस ठरल्या नव्हत्या. मग पापुद्र्याऐवजी डुकराच्या कोलेजनचा पडदा आला, पेशी त्यावरच पेरल्या जाऊ लागल्या. त्याला अमेरिकेनं २०१६ मध्ये मान्यता दिली.

आणि हे सगळं फुटबॉल खेळताना एकाच जागी कूर्चा उडालेल्या तरुण गुडघ्यासाठी. आजीच्या सगळीकडून झिजलेल्या गुडघ्यात पेशी लावायला काठच उरलेला नसतो.